नवव्या वर्षाचा तराफा

जहाज बुडालं तर माणसं ज्यात बसून जीव वाचवतात, तो रबरी तराफा वर्षातून एकदा उघडून तपासावा लागतो. एकोणीस वर्षं मी हेच काम करते. आडव्या पिंपाएवढा पांढरा फायबरचा डबा टेम्पोतून येतो. आम्ही पट्ट्या कापून तराफा बाहेर काढतो, फुगवतो, आतलं पाणी आणि बिस्किटं मोजतो, जुनं काढून नवं भरतो. मग त्याची अशी घडी घालायची की दोरीला हिसका बसताच सगळं आपोआप उलगडलं पाहिजे. माझी आई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, "आमची थोरली घड्या घालायच्या कारखान्यात आहे." मीही तिचा समज कधी मोडला नाही.

कारखान्यात माणसं दोनच, मी आणि मालक. जागा बंदराच्या मागच्या गल्लीत. गुळगुळीत फरशी, छताला चार ट्यूबलाइट, रबर आणि टाल्कम पावडरचा वास.

त्या दिवशी सकाळी आलेला डबा माझ्या भावाच्या जहाजाचा होता. बारक्या त्या मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. नाव लहानपणी पडलं. आता वजन चौऱ्याण्णव किलो. जहाजावर माणसं एकूण सात, आणि बाकीचे सहाजण त्याच्या हातचं खाऊन त्याच्याच मापाला येत चालले होते.

डब्यावरचं सील मीच मागच्या वर्षी लावलेलं. नंबर जुळला. पट्ट्या कापल्या, झाकण उचललं, आणि मी थांबले.

समुद्राचा वास आला.

बंद डब्यातून तो येत नाही. कोरडा, शिळा, पावडरचा वास येतो. मी तराफ्याला हात लावला. ओला होता.

"पाणी शिरलंय," मी म्हटलं.

मालक आले, डब्याच्या कडेची रबरी पट्टी चाचपून म्हणाले, "डबा तर ठणठणीत आहे, बाई."

आम्ही तराफा फुगवला. वरचं तंबूसारखं छप्पर हळूहळू उभं राहिलं. मी बूट काढून आत शिरले. खाली घोटाबुडतं पाणी. मी बोट जिभेला लावलं. खारट. छपराच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते, बंद खोलीत खूप माणसं झोपली की काचेवर जमतात तसे.

सामानाची पिशवी उघडी होती. पाण्याच्या तीस पुड्यांपैकी दोनच भरलेल्या. बाकीच्या कोपरा कापून रिकाम्या केलेल्या आणि सपाट करून एकावर एक रचलेल्या. बिस्किटांचा चुरासुद्धा नव्हता. मदतीची खूण म्हणून हातात धरून पेटवायच्या सहा लाल नळकांड्यांपैकी चार जळून काळ्या झालेल्या. त्यातली एक जरी घडीत पेटली असती, तरी डब्यात राखेशिवाय काही उरलं नसतं.

आणि तळाशी, जिथे हवेची रबरी नळी तराफ्याच्या बुडाला चिकटवलेली असते तिथे, एक ठिगळ होतं. सामानातलंच, घाईने लावलेलं, वाकडं. गोंद अजून ओला होता. त्यात अंगठ्याचा ठसा उमटलेला.

मी बाहेर आले तेव्हा मालकांनी माझ्याकडे बघून आधी खुर्ची पुढे केली.

"जहाजावर कोणीतरी उघडला असणार," ते म्हणाले.

"आणि माझं सील पुन्हा लावलं? माझ्याच नंबरचं? ही घडी घालायला आपल्या दोघांना अर्धा दिवस लागतो."

मी बारक्याला फोन लावला.

"तो डबा?" तो हसला. "ताई, त्याला कोण हात लावतंय? त्याच्यावर मी फडकी वाळत घालतो. वर्षभर जागचा हललेला नाही. का गं?"

"काही नाही. जेवलास का?"

"मी जेवलो का, हे विचारणारी जगात तूच एक."

फोन ठेवून मी पुन्हा आत गेले आणि ठिगळ सोलून काढलं. खाली भोक नव्हतं. रबर नवं असल्यासारखं अखंड. जिथे काही झालंच नव्हतं, तिथे कोणीतरी जिवाच्या आकांताने ठिगळ लावलं होतं.

"पुसून घ्या, नवं सामान भरा," मालक म्हणाले. "जहाज उद्या सुटतंय."

"आधी जास्त दाबाची चाचणी करू."

"ती दहाव्या वर्षापासून. याचं नववं चाललंय."

"माहीत आहे."

"मग?"

"माझा भाऊ आहे त्या जहाजावर. चाचणीशिवाय मी सही करणार नाही. तुम्हाला करायची तर करा."

त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं, आणि स्वतःच जाऊन पंपाचं बटण दाबलं.

काटा चढला. नळ्या टणक झाल्या, कुरकुरू लागल्या. नेहमीच्या दाबाच्या दुप्पट. पाच मिनिटं धरायचं असतं. मी घड्याळाकडे बघत होते, मालक तराफ्याकडे. दोन मिनिटं. तीन.

चौथ्या मिनिटाला जाड कापड फाटावं तसा आवाज झाला आणि जोड वीतभर उसवला.

बरोबर त्या ठिगळाच्या जागी.

हवा निघून गेल्यावर मालक म्हणाले, "जोड गेला, तराफा बाद. एवढंच लिहा. बाकीचं कोण वाचणार आहे?"

मी एवढंच लिहिलं. दुपारी गोदामातला कोरा तराफा त्या जहाजावर चढला.

अकरा दिवसांनी, सकाळी साडेनऊला, बारक्याच्या कंपनीतून फोन आला. आतला माल एका बाजूला सरकून जहाज कलंडलं होतं. वीस मिनिटांत गेलं. माणसांचं अजून काही कळलं नव्हतं.

मी खुर्चीवर बसले. मालकांनी चहा आणून ठेवला. त्याच्यावर साय धरली.

दहा वाजले. अकरा.

मी मनातल्या मनात कोऱ्या तराफ्याची घडी पुन्हा पुन्हा उलगडत होते.

पावणेबाराला फोन वाजला. मालकांनी उचलला. "हं," म्हणाले. "हं. सगळे?" मग माझ्याकडे वळले. त्यांनी सात बोटं वर केली.

मी हमसून रडले. मालक माझ्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य म्हणत राहिले, "सातही, बाई. सातही."

तराफा एका हिसक्यात फुगला होता. थेंबभर पाणी आत आलं नाही. तीन तासांत एका जाणाऱ्या जहाजाने त्यांना उचललं आणि संध्याकाळी बंदराजवळच्या दवाखान्यात आणलं. एकालाही खरचटलेलं नव्हतं.

बारक्या व्हरांड्यात पाणी पीत उभा होता. मी त्याला मिठी मारली, दोन धपाटे घातले, पुन्हा मिठी मारली.

"तुझ्या कारखान्याचं बिस्किट खायची वेळच आली नाही," तो म्हणाला. "बाकी पिकनिक होती, ताई." आणि त्याने तिसरा ग्लास भरला.

इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तो जिवंत होता, हसत होता. आणखी काय हवं?

डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या. तेवढ्यात दवाखान्याचा न्हावी पेटी घेऊन आला. बारक्याला बाकावर बसवून गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, हनुवटी वर केली आणि गालावरून अंगठा फिरवला.

"बरेच दिवस दाढीला हात लागला नाही वाटतं."

"छे हो," बारक्या म्हणाला. "सकाळीच केली. दाढी न करता कोणी आला तर आमचा कॅप्टन नाश्त्याला बसू देत नाही. मलासुद्धा नाही, आणि नाश्ता मीच करतो."

न्हावी हसला. त्याला गंमत वाटली.

"साहेब, तीस वर्षं हेच करतोय. ही पाच दिवसांची आहे."

बारक्याने स्वतःच्या गालाला हात लावला, आणि तो तिथेच ठेवला.

मला त्या एकावर एक रचलेल्या अठ्ठावीस रिकाम्या पुड्या आठवल्या. मी न्हाव्याला म्हटलं, "करून टाका. अगदी गुळगुळीत करा."

त्याने वस्तरा चालवला. बाकाच्या पलीकडे बाकीचे सहाजण आपापल्या पाळीची वाट बघत भिंतीला टेकून उभे होते. एकेकाचा हात आपल्या हनुवटीकडे गेला.