हरण्यात पटाईत

त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचं डोकं माझ्या चपलांच्या पातळीला होतं. वाचनालयाच्या इमारतीची लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती, तळमजल्यावरचं दार सताड उघडं होतं आणि खालच्या खड्ड्यात उभा राहून तो कसलीशी तार ओढत होता.

"थांबा… पुढे येऊ नका," ते डोकं म्हणालं.

"आम्हाला तिसऱ्या मजल्यावर जायचंय," माझ्यासोबतची आत्या म्हणाली, "आणि माझे गुडघे पहिल्यावरच संप करतात."

"पाचच मिनिटं, काकू."

"दुरुस्तीवाल्यांची पाच मिनिटं माहीत आहेत मला," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं. गालावर ग्रीसचा पट्टा होता, आणि हसला तेव्हा तो पट्टाही हसला. "मग लावा घड्याळ."

मी खरंच लावलं. आणि पाच मिनिटांत लिफ्ट खाली आली! सांगितलेल्या वेळेत काम करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तिथूनच मला संशय यायला लागला.

आता माझा स्वभाव संशयी आहे हे मान्य. त्यातला अर्धा धंद्यामुळे आलाय. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. चष्मा हवा म्हणून न दिसण्याचं सोंग करणारी पोरं, आणि चष्मा नको म्हणून तक्ता पाठ करून येणारे काका, दोन्ही मला खुर्चीत बसल्याबसल्या ओळखू येतात. उरलेला अर्धा संशय एका माणसाने शिकवला. त्याच्याशी माझं लग्न ठरल्यात जमा होतं. मी म्हणेन त्याला तो 'हो' म्हणायचा. जागा? हो. तारीख? हो. आणि शेवटी 'नाही' म्हणायची वेळ आली तेव्हा स्वतः आलाच नाही, बहिणीला पाठवलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते.

वर गेलो तर वाचनालयाच्या बाई आमची वाटच पाहत असल्यासारख्या धावत आल्या. "बरं झालं आलात! एक जोडी कमी पडतेय. एक वयस्कर, एक तरुण. बसा बसा!"

रविवारी दुपारी तिथे 'तेव्हा-आत्ता' नावाचा खेळ चालायचा. बाईंनी स्वतःच तो बनवला होता. गोगलगाईच्या पाठीसारखी आत वळत जाणारी घरं, सोंगट्या म्हणून कोटाची बटणं आणि पत्त्यांचे दोन डबे. 'तेव्हा'च्या डब्यात म्हाताऱ्या मंडळींनी आपल्या काळाचे प्रश्न लिहून टाकायचे, पण उत्तर द्यायचं तरुणांनी. 'आत्ता'च्या डब्यात तरुणांनी लिहायचं आणि उत्तर वयस्करांनी द्यायचं. प्रश्न समोरच्या जोडीने वाचायचा. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्या जोडीदाराने तोंड मिटून बसायचं, फार तर हातवारे करायचे. बरोबर आलं की एक घर पुढे, आणि शेवटच्या घरापाशी चुकलं की डाव गेला.

"आणि शेवटचा नियम," बाई म्हणाल्या. "हरलेल्या जोडीला पुढच्या रविवारचा डाव मागता येतो. जिंकलेल्यांनी नाही म्हणायचं नाही. हरलेल्यांनी मागितला नाही, तर मात्र जिंकलेल्यांना दुसरी जोडी."

समोरच्या बाकावर एक उंच, ताठ गृहस्थ बसले होते. सिनेमाच्या थिएटरात आयुष्यभर मशीन चालवलेले. एवढ्यात त्यांचा तरुण जोडीदार हात पुसत आला… खड्ड्यातलं डोकं, आता धडासकट!

"हा माझा भाचा," गृहस्थ म्हणाले. "मी ऑपरेटर होतो. सिनेमाचा."

"मीही ऑपरेटर," आत्या म्हणाली. "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तुम्ही लोकांना दाखवलंत, मी लोकांचं ऐकलं. बघू कोण जास्त शहाणं झालं."

खेळ रंगला. मामांनी आत्याला विचारलं, "मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या म्हणजे काय?" मी फक्त हातवारे करत होते. आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "वाचलंय, पण उत्तर द्यायची इच्छा नाही." बाईंनी टाळी वाजवून घर दिलं. मामांना प्रश्न आला, "पासवर्ड विसरल्यावर काय करतात?" मामा ठामपणे म्हणाले, "भाच्याला फोन." तेही बरोबर धरलं गेलं.

भाचा भराभर उत्तरं देत होता. शाईचं पेन गळलं तर काय, रेडिओची खरखर कशी घालवायची, सगळं त्याला येत होतं. शेवटच्या घरापाशी त्यांचं बटण आमच्या पुढे होतं. मी पत्ता वाचला, "सिनेमा चालू असताना फिल्म तुटली तर ऑपरेटर काय करायचा?"

मामा खुशीत खुर्चीत सरसावले. भाचा माझ्याकडे पाहत होता. त्याची नजर क्षणभर स्थिरावली. उत्तर ठाऊक असलेल्या माणसाची स्थिरावते ना, तशीच.

"तिकिटं परत करायचा," तो म्हणाला.

"अरे गाढवा! चिकटवायचा! माझ्या मांडीवर बसून बघितलंयस तू!" मामा ओरडले.

"विसरलो, मामा." आणि आम्ही जिंकलो. त्याने लगेच पुढचा डाव मागितला.

पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्याही. शेवटच्या घरापर्यंत हा पंडित, आणि तिथे पोचला की ठोंब्या. कुठेतरी पाणी मुरत होतं. आत्या मात्र बहरली होती. निवृत्त झाल्यापासून ती खिडकीशी बसून राहायची. आता शनिवारपासून साडी काढून ठेवायची आणि मामांना काय टोमणा मारायचा याची मनात उजळणी करायची.

"आत्या, त्याने कुणाशी तरी पैज लावली असणार," मी म्हटलं.

"साप साप म्हणून भुई धोपटू नकोस."

"मग आपल्या घरावर डोळा असेल."

"दोन खोल्या आहेत, त्यातली एक गळते. खुशाल ठेवू दे डोळा."

मग तिसरा संशय आला, आणि तो मात्र जिव्हारी लागला. कीव. गुडघे धरून चालणारी आत्या आणि तिची लग्न मोडलेली भाची, यांना जिंकू द्यावं बिचाऱ्यांना… असं तर नसेल? त्या विचाराने माझ्या अंगाची लाही झाली. कारण एव्हाना मी रविवारची वाट पाहायला लागले होते, आणि ती आत्याच्या साडीसाठी नव्हती.

एका दुपारी तो दुकानातच आला. "तुम्ही सारखं माझ्या डोळ्यांत बघता. म्हटलं, काही बिघाड असेल तर दाखवून घ्यावं."

"सवय आहे मला. सगळ्यांच्याच बघते."

"सगळ्यांच्या?… अरेरे."

मी त्याला खुर्चीत बसवलं. अंधारात त्याने तक्त्याची शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा घडाघडा वाचली. मी वाकून यंत्रातून त्याचे डोळे पाहिले. तपकिरी, स्वच्छ, आणि… जाऊ दे. त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागला, आणि मी तोच डोळा पुन्हा तपासला.

"डोळे ठणठणीत आहेत," मी दिवा लावला. "आलात कशाला?"

"ठणठणीत आहेत हे तुमच्या तोंडून ऐकायला." फी देऊन तो निघून गेला. बघा! धडधाकट माणूस पैसे देऊन डोळे तपासून घेतो. याहून संशयास्पद काय असणार?

सोंग करणाऱ्या पोरांसाठी आमच्याकडे एक युक्ती असते. डोळ्यापुढे बिननंबरची साधी काच धरायची आणि विचारायचं, "आता दिसतंय?" खरं न दिसणारं मूल म्हणतं, तसंच आहे. सोंगाडं म्हणतं, अय्या, आता छान दिसतंय! मी ठरवलं, यालाही साधी काच लावायची. आत्याकडून एका कोऱ्या पत्त्यावर प्रश्न लिहून घेतला आणि रविवारी तो पत्ता माझ्या बाहीत दडवला. हो, लबाडीच होती.

त्या दिवशीही त्यांचं बटण शेवटच्या घरापाशी आलं. मी डब्यात हात घातला आणि बाहीतला पत्ता काढून वाचला, "आमच्या तरुणपणी लिफ्टचं दार कसलं असायचं?"

मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जो माणूस रोज लिफ्ट उघडतो, त्याला हे येणार नाही?

त्याने पत्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा तीच स्थिर नजर. कान लाल झाले होते.

"प… पडद्याचं," तो म्हणाला.

आसपासच्या टेबलांवरची मंडळी वळून बघायला लागली. मामांनी कपाळावर हात मारला.

"पुरे!" मी पत्ता आपटला. "तू मुद्दाम हरतोस. पहिल्या दिवसापासून. कीव येते आमची? आम्ही काय भीक मागायला बसलोय इथे?"

"कीव?" तो गडबडून उठला. "नाही, तसं…"

"मुद्दाम?" मामा गरजले. "दर रविवारी या टेलिफोनवाल्या बाईंची बोलणी खातोय मी! घरी जाऊन झोप लागत नाही मला. आणि तू… मुद्दाम?"

"मामा, माफ करा. पण मी जिंकलो असतो तर…" तो थांबला. हातातलं बटण नुसतंच फिरवत राहिला. "तर डाव मागायचा हक्क यांचा झाला असता. आणि यांनी मागितलाच नसता तर? हरलो तर निदान मागणं माझ्या हातात. दर रविवारी एवढंच हवं होतं मला."

माझ्याकडे तीन संशय तयार होते. हा चौथा माझ्या यादीतच नव्हता.

"मला पहिल्याच रविवारी कळलं होतं," आत्या शांतपणे म्हणाली. "आयुष्यभर तारेवरून माणसं ऐकली मी. थापा मारणाऱ्याचा आवाज मला नवा नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"मलाही रविवार हवा होता, बाई माझे." तिने मामांकडे बघितलं. "पण जिंकणं खोटं होतं, हे सलत होतं. ऑपरेटरसाहेब, परत विचारू का तुमच्या भाच्याला?"

मामांनी मान डोलावली. आत्याने स्वतः प्रश्न वाचला.

"जाळीचं," तो खाली मान घालून म्हणाला. "लोखंडी, घडीचं. हाताने ओढायचं आणि बोटं सांभाळायची."

त्यांचं बटण अगदी मधल्या, शेवटच्या घरात गेलं आणि ते जिंकले. मामांनी टेबलावर अशी थाप मारली की आमचं बटण उडून खाली पडलं. आता मागायचं होतं आम्हाला. आत्या बोलणार, तेवढ्यात मी तिचा हात दाबला.

"मला डाव नको," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. तो बटणं गोळा करायला लागला… एक, दोन… हळूहळू, काम लवकर संपू नये म्हणून.

मला मागायची भीती वाटते. मागितलं की 'नाही' ऐकावं लागतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे खोटं 'हो'. पण हा माणूस माझ्यासाठी चारचौघांत, लिफ्टचं दार पडद्याचं असतं म्हणाला होता! त्याच्या धंद्यात याहून मोठी बेअब्रू नसेल.

"उद्या दुकान बंद झाल्यावर ये," मी म्हटलं. "खेळ नको, प्रश्न नकोत, आत्या नको, मामा नकोत. फक्त तू. मला तू आवडतोस… आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संशय येतो."

बटणं त्याच्या हातातून सांडली. "येतो. म्हणजे… हो."

"'हो' नुसतं नको. मला जिंकू देणारी माणसं चालत नाहीत. पटलं नाही तर भांडायचं. हरवता आलं तर हरवायचं."

"आणि नाहीच आलं हरवता तर?"

"तर खरंखुरं हर."

तो सांडलेली बटणं उचलायला वाकला. मग म्हणाला, "एक सांगू? दुकान बंद झाल्यावर नाही जमणार. उद्या संध्याकाळी मला एक लिफ्ट चालू करून द्यायचीय, ती बंद आहे म्हणून एक आजोबा वरच्या मजल्यावर घरातच अडकून पडलेत. परवा येतो."

त्याने मला पहिल्यांदाच 'नाही' म्हटलं होतं. स्वतःच्या तोंडाने, माझ्या समोर उभं राहून. मला इतकं बरं वाटलं की मी आत्यासमोर, मामांसमोर, सगळ्या वाचनालयासमोर त्याचा ग्रीसचे डाग पडलेला हात हातात घेतला.