गच्चीवरचा वास

शिवम्मा गच्चीवर पालथ्या पडल्या होत्या. तोंडाला फेस, अंगभर घाम. उजवा हात कोपरापर्यंत शेणानं भरलेला. शेजारी निळा प्लास्टिकचा ड्रम, झाकण उघडं. कठड्यावर त्यांच्या सोन्याच्या पाटल्या काढून नीट ठेवलेल्या.

उपनिरीक्षक भक्ती कच्छवे पोचली तेव्हा अँब्युलन्स निघून गेली होती. वरचं हे सगळं तिला हवालदार मुंजाजींनी सांगितलं. परभणीतली ही तीन मजली इमारत वसमत रोडच्या आतल्या गल्लीत होती. जिन्यात माणसं दाटली होती. दुसऱ्या मजल्यावर एका दारावर लाथा बसत होत्या.

"बाहेर ये! माझ्या आईला मारून घरात बसतोस?"

लाथा मारणारा राजशेखर, शिवम्मांचा मुलगा. त्याचं मानवतला कापडाचं दुकान. फोन येताच तो मोटारसायकलवर आला होता आणि दवाखान्याआधी इथंच थांबला होता.

भक्तीनं त्याचा दंड धरला. "बाजूला व्हा. आई जिवंत आहे ना? मग आधी तिकडं जा."

"आदी याला उचला, मॅडम! सगळ्यांच्या देखत म्हनला होता, ड्रममधी औषध ओतीन म्हनून!"

दार आतून उघडलं. चंद्रभान उभे होते. एसटीतले निवृत्त कंडक्टर, एकटे राहणारे, चेहरा राखेसारखा.

"म्हनलो होतो," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

जिन्यात गलका उठला. मुंजाजींनी राजशेखरला खाली नेऊन रिक्षात बसवलं. भक्ती आत शिरली आणि तिनं दार लावून घेतलं.

"भांडण कशाचं होतं?"

"वासाचं, मॅडम. वर त्यांची झाडं. बेल, तुळस, रातरानी. त्यांना घालायला त्या ड्रममधी शेन, गोमूत्र, गूळ कुजवायच्या. जीवामृत म्हनं! तो ड्रम बराबर माझ्या खिडकीवर. ताटावर बसलं की पोटात ढवळायचं. माझं नाक लय तिखट हाय, सगळ्या बिल्डिंगला ठाऊक हाय."

"म्हणून औषध ओतणार होतात?"

"फिनेल म्हनायचं होतं मला. ईष न्हाई." त्यांचा आवाज फाटला. "वरच्या मजल्यावरचे योगीराजभाऊ वरडले तवा मी वर पळालो. म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं मीच."

"तेव्हा ड्रमचा वास कसा होता?"

"रोजचाच. शेनाचा."

"दुसरा कसला?"

"न्हाई. असता तर मला पह्यला आला असता."

भक्ती गच्चीवर गेली. बेलाचं झाड अर्ध्या पिंपात वाढून माणसापेक्षा उंच झालं होतं. शिवम्मांचे दिवंगत पती गुरुसिद्धप्पा यांनी ते लावलं होतं, आणि त्याच पानांनी त्या रोज लिंगपूजा करत. ड्रमपाशी जाऊन तिनं वाकून वास घेतला. शेण, मूत्र, आंबलेला गूळ. डोळ्यांत पाणी यावं इतका उग्र.

"मुंजाजी, तुम्ही बघा."

मुंजाजींनी नाकावरचा रुमाल काढला, वाकले आणि मागं सरले. "आमच्या गोठ्यात बी असाच येतो, मॅडम. दुसरं काही न्हाई."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, सारखी लाळ. कीटकनाशकाची विषबाधा. पोटात मात्र काहीच सापडलं नव्हतं.

"विष कातडीतून गेलंय, हातातून," डॉक्टर म्हणाले. "अँब्युलन्सवाल्याला कुणीतरी सांगितलं होतं की ड्रममध्ये औषध आहे. म्हणून आल्या आल्या हात धुतला. उशीर झाला असता तर बाई गेल्या असत्या. अजूनही सांगता येत नाही."

आता पाटल्यांचा अर्थ लागला. शिवम्मा पाटल्या काढून ठेवत आणि ड्रम हातानंच ढवळत. मुंजाजींनी ड्रमला सील लावलं.

"अँब्युलन्सवाल्याला कुणी सांगितलं?" भक्तीनं विचारलं.

"वरच्या मजल्यावरच्या योगीराजभाऊंनी."

योगीराजांचं घर गच्चीच्या जिन्याला लागूनच होतं. बांधकामाच्या सामानाचं दुकान, पिंगळीला कापसाचं शेत, इमारतीचे सेक्रेटरी. कुणाचंही अडलं की धावून जाणारा माणूस. त्यांनी भक्तीला बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बसले.

"शिवम्मामावशी म्हणजे आमची आईच, मॅडम. मी पाण्याची टाकी बघायला गेलो, तर ह्या पडलेल्या."

"ड्रममध्ये औषध आहे हे कसं कळलं?"

"वासावरून. ड्रमजवळ गेलो तर भपकाच आला औषधाचा. आमच्या शेतात फवारतात ना, तसाच. म्हणून म्हटलं, अँब्युलन्सवाल्याला सांगावं."

"आणि हे कुणी केलं असेल?"

"मी कशाला नाव घेऊ? चंद्रभान तसा वाईट न्हाई. पण रागाच्या भरात माणूस काय करील..."

भक्तीच्या नाकात काहीतरी करपल्याचा वास शिरला.  वास वाढत गेला, तिला खोकला आला. योगीराज चंद्रभानच्या जुन्या भांडणांबद्दल बोलत राहिले. मग बाहेरून त्यांची बायको, वैजयंती, पळत आत आली आणि गॅस बंद केला.

"अवो, दूध पार जळून कोळसा झालं! तिथंच बसलाव की!"

"बोलण्यात ध्यान न्हवतं," योगीराज म्हणाले.

भक्ती उठली. जिन्यातल्या गर्दीत कानावर आलेलं तिनं जाता जाता सहज विचारलं, "गच्चीवर खोली बांधायचं चाललंय म्हणे?"

योगीराजांनी दार उघडून धरलं. "पोराचं लग्न ठरलंय. घर पुरत न्हाई. सगळे तयार हाईत."

"शिवम्मासुद्धा?"

"होतील."

खाली एका बिऱ्हाडकरूनं वेगळंच सांगितलं. शिवम्मा बैठकीत ठामपणे म्हणाल्या होत्या, बेल जिथं आहे तिथून हलणार नाही. गच्ची सगळ्यांची. एकाचा नकार, म्हणजे काम बंद.

दुपार कलली तरी जिन्यातली गर्दी हटेना. चंद्रभानच्या खिडकीची काच कुणीतरी दगडानं फोडली. राजशेखर दवाखान्यातून परत आला होता. आई अजून शुद्धीवर नव्हती. आणखी थोडा वेळ गेला तर चंद्रभानना जमावापासून वाचवणं कठीण, हे भक्तीला दिसत होतं. तिनं सगळ्यांना गच्चीवर बोलावलं.

कठड्यावर तिनं दोन वाट्या ठेवल्या. दोन्हींत पाण्यासारखं काहीतरी.

"योगीराजभाऊ, यातलं पाणी कुठलं? हात न लावता, वासानं सांगा."

"हे काय मॅडम, खेळ हाय का?"

"सांगा तर."

पाच-सहा हात लांब उभ्या चंद्रभाननी नाक आक्रसलं. "डाव्या वाटीत स्पिरिट हाय," ते पुटपुटले.

योगीराज दोन्ही वाट्यांवर वाकले. वाकूनच राहिले. "सर्दी झालीय मला."

"वहिनी, ह्यांना सर्दी कधीपासून?"

वैजयंती गोंधळली. "सर्दी न्हाई ओ. करोना झाल्यापासून त्यांना वासच येत न्हाई. भाजी इटली तरी कळत न्हाई..." नवऱ्याचा चेहरा दिसला आणि ती थांबली.

भक्तीनं वाट्या बाजूला सारल्या.

"दूध तुमच्या पाठीमागं जळत होतं," भक्ती म्हणाली. "मला खोकला येत होता आणि तुम्ही बोलत होतात. तेव्हाच शंका आली. ज्याला जळकं दूध कळत नाही, त्याला औषधाचा भपका कसा आला? आणि गंमत म्हणजे ड्रमला औषधाचा वास नव्हताच. मी हुंगला, मुंजाजींनी हुंगला, चंद्रभान तर शेजारीच बसले होते. जीवामृताच्या घाणीखाली तो दबला होता. शिवम्मांनाही म्हणूनच कळला नाही. पण हे तुम्हाला कसं समजणार? तुम्ही अंदाजानं बोललात. औषध म्हणजे वास येणारच, असं धरून."

"मी... त्या चंद्रभानला तसं म्हनताना ऐकलं होतं, म्हनून..."

"बरोबर. म्हणूनच तो ड्रम निवडलात. भांडण त्याचं, धमकी त्याची, नाव त्याचं. अँब्युलन्सवाल्याला सांगितलंत, कारण ड्रमकडं सगळ्यांनी बघायला हवं होतं. तुम्हाला वाटलं, बाई संपल्या. पण त्याच बोलण्यानं त्यांचा हात वेळेवर धुतला गेला."

राजशेखर पुढं झेपावला. मुंजाजींनी त्याला कवेत धरलं.

योगीराज मटकन खाली बसले. "मॅडम, देवाशपथ, मला मावशीला मारायचं न्हवतं. झाडं मरावीत, एवढंच. झाडं गेली असती तर त्यांनी गच्ची सोडली असती. त्या हात घालतील, हे ध्यानातच आलं न्हाई."

आजूबाजूला कुजबुज झाली. एक-दोघांच्या चेहऱ्यावर कीवही आली. भक्ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"पिंगळीला शेत आहे ना तुमचं? गवत मारायला काय फवारता?"

"तणनाशक."

"आणि अळीला?"

योगीराजांनी तोंड फिरवलं.

"ड्रममध्ये अळीचं औषध होतं. डॉक्टरांनी बाहुल्या बघून सांगितलं. त्यानं बेल मरत नाही, तुळस मरत नाही. उलट पानं किडीपासून वाचतात. हे कापूस पिकवणाऱ्याला मी सांगायचं? झाडं मारायची असती तर तुमच्याकडं दुसरी बाटली होती, योगीराजभाऊ. तुम्ही माणूस मारणारी उचललीत. आणि शिवम्मा हातानं ढवळतात, हे टाकी बघायला येता तेव्हा तुम्हाला रोज दिसतं."

वैजयंतीनं तोंडाला पदर लावला. नवऱ्याकडं तिनं पाहिलं नाही. ती खाली बसली नाही, रडलीही नाही. जिना उतरून घरात गेली आणि आतून कडी घातल्याचा आवाज वर ऐकू आला.

बाटली संध्याकाळी त्यांच्याच दुकानात, सिमेंटच्या पोत्यांमागं सापडली.

शिवम्मांनी दवाखान्यात डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी, भक्ती जबाब घ्यायला आली होती तेव्हा. राजशेखरनं त्यांना सगळं सांगितलं. 

"परवाच पोराच्या साखरपुड्याची साडी दिली होती मला योगीराजनं," त्या हळूच म्हणाल्या. "पाया पडला होता."

भक्ती जायला उठली. दाराबाहेर बाकावर चंद्रभान बसले होते. रात्रभर तिथंच होते, आत यायची हिंमत नव्हती. राजशेखर मान खाली घालून बाहेर गेला, त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि त्यांना आत घेऊन आला.

 भांडणाशिवाय बोलायचं कसं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"झालं का मनासारखं?" शिवम्मा क्षीण आवाजात म्हणाल्या. "गेला ना ड्रम?"

"पोलिसांनी नेलाय, मी न्हाई," चंद्रभान म्हणाले आणि लहान पोरासारखे हमसून रडू लागले.