वापरात आहे

भर दुपारी भाऊजी धाकटीच्या दुरुस्तीच्या दुकानात आले, थोरलीचा कॉम्प्युटर छातीशी धरून. थोरल्या बहिणीला जाऊन दोन वर्षं झाली होती. बसायच्या आधीच ते म्हणाले, "धाकटे, हिचा आवाज तेवढा काढून दे बाई. पोरगी परवा म्हणाली, बाबा, आई कशी बोलायची तेच आठवत नाही."

धाकटीने लगेच स्क्रू काढायला घेतले. रडत बसण्यापेक्षा ते बरं.

आत तीन डिस्क होत्या. एकेक डिस्क एकेका फोल्डरवर जोडायची, तेव्हा तिच्यातलं दिसतं. कुठली डिस्क कुठे जोडलीय, ते मशीन ध्यानात ठेवतं. थोरली नेमकी डिस्क जोडायलाच विसरायची आणि लेकीला सांगितलेल्या गोष्टी रेकॉर्ड करून त्या रिकाम्या फोल्डरमध्ये टाकायची. मग त्यावर डिस्क जोडली की खालचं सगळं झाकलं जायचं. पुसलं जात नाही, नुसतं दिसत नाही. "वेंधळी कुठली!" म्हणून धाकटी तिला चिडवायची. आज त्याच वेंधळेपणावर तिची सगळी भिस्त होती.

तिने गोष्टींच्या फोल्डरवरची डिस्क सोडवायला घेतली. मशीनने कळवलं, सोडवता येत नाही, वापरात आहे.

"कोण वापरतंय?" भाऊजींनी विचारलं.

"कोण वापरणार? अडकलं असेल काहीतरी."

तिने चालू असलेलं सगळं बंद केलं. तरी तेच. शेवटी वैतागून तिने सरळ डिस्कची वायरच उपटली. असं करू नये हे शिकाऊ पोरगंही सांगेल. डिस्क तिच्या तळहातावर होती, गार. स्क्रीनवरच्या यादीत मात्र ती जागच्या जागी जोडलेली होती. वापरात.

मग तिने जबरदस्तीने यादीतली ती ओळ काढून टाकली. तिच्याखालून दुसरी ओळ वर आली. त्याच फोल्डरवर आणखी काहीतरी जोडलेलं होतं. कुठली डिस्क, ते दाखवायची जागा कोरी.

आत एकच रेकॉर्डिंग होतं. तिने लावलं.

"...आणि हत्ती म्हणाला, मी नाही जा!"

थोरलीच! तोच घोगरा, हसरा आवाज. भाऊजींनी तोंडावर रुमाल दाबला. धाकटीचे डोळे भरून आले. सापडली एकदाची.

मग एक लहानगी खुदकन हसली. "आई, माझा दात पडला, बघ."

भाऊजींचा रुमाल खाली आला. "दात आज सकाळी पडला तिचा," ते म्हणाले.

धाकटीने रेकॉर्डिंगची लांबी पाहिली. ती वाढत होती.

"भाऊजी, घरी फोन लावा. आत्ताच्या आत्ता!"

फोन भाऊजींच्या आईने उचलला. पोरगी कुठेय, त्यांनी विचारलं. "आहे की घरात. मघापासून आत एकटीच बडबडतेय. का रे?"

इकडे स्पीकरमधून पोरगी कुजबुजली, "आई, मावशी आपलं ऐकतेय."

"ऐकू दे. तू ये इकडे."

लांबी वाढायची थांबली. ती ओळ आपोआप निघून गेली. धाकटीने घाईघाईने वायर पुन्हा खुपसली, डिस्क जोडायला सांगितली. मशीनने कळवलं, असा फोल्डर नाही.

"आई, पोरीला बाहेर आण!" भाऊजी किंचाळले. "अगं, आधी तिला बाहेर आण!"

पलीकडून त्यांच्या आईने विचारलं,

"कुठल्या पोरीला रे?"