शेजारच्या खोलीतली पेन्सिल

हे खरं घडलेलं आहे. मला रंगवून सांगता येत नाही, म्हणून घडलं तसंच लिहितो.

सो-दम माझ्या पुतण्याची मुलगी. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला तिसऱ्यांदा बसणार होती. सोलमध्ये, कपाटाएवढ्या भाड्याच्या खोलीत एकटी राहायची.

"या वेळी नाही झालं तर गावी चल," बाप म्हणाला होता. "किनाऱ्यावर खायचं शेवाळ वाळवायला माणसं हवीच आहेत."

रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ती इंग्रजी ऐकण्याचा सराव करी. परीक्षेत तो भाग त्याच वेळी असतो.

सप्टेंबरमधली दुपार. तिनं रेकॉर्डिंग लावलं.

भिंतीपलीकडे कुणीतरी पान उलटलं...

मग पेन्सिल वाजली.

टक... टक... टक.

संभाषण अजून सुरूही झालं नव्हतं. पाच पर्यायांपैकी उत्तर तिसरंच निघालं.

सतरा प्रश्न. टकटक मोजून सतराही बरोबर.

"मावशी, शेजारी कोण आलंय?" तिनं मालकीणबाईंना विचारलं.

"कोण येतंय? उन्हाळ्यापासून कुलूप आहे. झोप जरा. डोळे बघ, सुकटीसारखे झालेत."

घाबरायलाही अंगात त्राण लागतं. सो-दममध्ये ते उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं इंग्रजी ऐकणं सोडलं. नुसती टकटक मोजू लागली.

नोव्हेंबर. परीक्षेचा दिवस.

एक वाजून दहा. या भागासाठी देशभरची विमानंसुद्धा थांबतात. वर्गात फक्त श्वास ऐकू येत होते.

रेकॉर्डिंग सुरू झालं. ती वाट पाहत राहिली...

काहीच वाजलं नाही.

पहिला प्रश्न गेला. पाचवा गेला. बाई बोलत होती, बुवा बोलत होता. सो-दमच्या कानांना फक्त त्यांच्यामधली शांतता ऐकू येत होती.

निकाल लागल्यावर बाप न्यायला आला. सामान बांधून झालं. दुपार होती.

पलीकडे पान उलटलं...

बापानंही ऐकलं. बाहेर जाऊन पाहिलं. दाराला कुलूप. कडीवर धूळ.

"चल, पोरी. बस चुकेल."

सो-दम भिंतीला कान लावून बसली होती.

"अप्पा, तुम्ही व्हा पुढे. एवढा प्रश्न होऊ दे."

यंदा ती पाचव्यांदा बसतेय.

"काका, फोन केला तर बोलत नाही," पुतण्या परवा म्हणाला. "नुसते आकडे म्हणते. एक ते पाच. मध्येच थांबते, पुन्हा म्हणते."

दुपारचा फोन करत जाऊ नकोस, एवढंच मला सुचलं.

"मी दुपारी करतच नाही, काका," तो म्हणाला.