कोचाची चार बटणं

नथ्थूशेठच्या कटलरीच्या दुकानात शिंगाच्या मोठ्या बटणांचा एकच पुठ्ठा उरला होता, आणि कुंदाचा हात पोचायच्या आत तो एका उंच तरुणानं उचलला.

"ती मला हवी होती," कुंदा म्हणाली. म्हणाली म्हणजे... तोंडातून निघूनच गेलं. धुळ्याचा भर बाजार, वैशाखाचं ऊन, शेजारी आत्या, सुंदरफुई, आणि समोर परका पुरुष. अशा वेळी मुलीनं गप्प बसायचं असतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण कुंदाची जीभ पुढे धावायची आणि अक्कल मागून सावकाश चालत यायची.

तरुणानं पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "कोटाला?"

"कोचाला."

"कोचाला बटणं... मग त्याची कॉलर कुठे असते?"

फुईनं पदर तोंडाला लावला. कुंदाचे कान तापले. कोचाची पाठ गुबगुबीत असते, तिच्यात खळगे पाडून बटणं शिवलेली असतात, आमच्या कोचाची चार तुटली आहेत, आणि ज्यांनी जन्मात कोच पाहिला नाही त्यांनी हसू नये, असं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. त्यानं ते निमूटपणे ऐकून घेतलं. डोळे मात्र निमूट नव्हते.

"मग चार तुम्ही घ्या," तो पुठ्ठा पुढे करत म्हणाला. "उरलेल्या दोनांत मी भागवीन. नाहीतरी माझं पोट आतच आहे."

घ्यायला हवी होती. मनात घेतलीही होती. पण फुई अजून हसत होती, नथ्थूशेठही हसत होता, आणि कुंदाचा फणा उभा राहिला. दुसऱ्याच्या कोटाची बटणं काढून घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, असं म्हणून ती तरातरा निघाली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिला स्वतःचीच लाज वाटू लागली. दुसरं असं दुकान धुळ्यात नव्हतं.

कोच म्हणजे तिच्या वडिलांचा, मोतीलालभाऊंचा जीव. बदली होऊन गेलेल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी तो घेतला होता. साहेबाच्या कुत्र्यानं चार बटणं खाल्ली होती, म्हणून तर तो कापूसवाल्या पाटलाला परवडला. परवा कुंदाला बघायला मंडळी यायची होती. मुलगा जळगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, इथे पाचव्या गल्लीत मावशीकडे उतरलेला. त्याला भुंड्या कोचावर बसवायचं नाही, असा भाऊंचा हुकूम होता. कुंदाला आई नव्हती. शिवणटिपण, हुकूम, सगळं तिच्यावर आणि फुईवरच यायचं.

बटणाला कापड मढवायचं, म्हणजे आत काहीतरी गोल, चपटं, टणक हवं. चिंचोका लहान पडला. खारकेची बी लांबुडकी निघाली. शेवटी फडताळातल्या डब्यात बिब्बे सापडले. धाकट्या भावाच्या पाळण्याला दृष्ट लागू नये म्हणून आणलेले, त्यातलेच उरलेले. आकार अगदी नेमका. ताजा बिब्बा अंगाला लागला तर उततो, फोड येतात, हे धुळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण हे किती जुने, दगडासारखे वाळलेले... यांच्यात आता तेल कसलं उरलंय, असं कुंदानं ठरवलं. कोचाच्या बुडाशी, जिथे कुणी बघत नाही तिथलं कापड कापून तिनं बिब्बे मढवले आणि दाभणानं कोचाच्या पाठीत ओढून बसवले. जुनं कुठलं, नवं कुठलं, ओळखू येईना. भाऊंनी तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप घेताना कुंदा फुलून गेली होती, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त लाज त्या फुलण्याचीच वाटली.

मंडळी आली. पाण्याचा तांब्या घेऊन कुंदा बाहेर आली, मान खाली. आधी तिला दिसल्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या, मग शिंगाची बटणं...

तांब्या हिंदकळला.

"कोचाला कॉलर नाहीच की," अगदी हळू आवाज आला. फक्त तिला ऐकू जाईल इतका.

त्यानंतर कुंदानं मान वर केली नाही. भाऊ मात्र रंगात आले होते. लीलाधर — हे त्याचं नाव — जरा पुढे सरकून बसला की ते म्हणत, टेका, चांगले टेका, साहेब टेकूनच बसायचा. आणि पाठीची बटणं आमच्या कुंदानं बसवली आहेत, हेही त्यांनी सांगून टाकलं. लीलाधर टेकला. मुलाची मावशी मंजुळाबाई प्रश्न विचारत होती. सातवी झाली का, पुरणपोळी येते का, केस मोकळे करून दाखव. दुपार रणरणत होती. कुंदाला त्याचे फक्त हात दिसत होते. थोड्या वेळानं ते हात गुडघ्यांवर घट्ट आवळले गेले. मनगटावरून घाम ओघळत होता. मला कंटाळला, कुंदाच्या मनात आलं. दुकानातली भांडखोर मुलगी नशिबी आली म्हणून चरफडतोय.

निघताना तर त्यानं नवलच केलं. हात जोडून, भाऊंकडे तोंड करून, पाठमोरा न होता तो एकेक पाऊल मागे सरकत दाराबाहेर गेला. भाऊ खूश झाले. इतका विनयशील जावई साऱ्या खानदेशात मिळायचा नाही, म्हणाले.

कुंदा कोचापाशी गेली आणि जागीच थिजली. चारही बटणांवरचं कापड काळंकुट्ट झालं होतं. उन्हानं आणि अंगाच्या भारानं बिब्बे फुटले होते.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? सोयरिकीला आलेल्या मुलाची पाठ भाजली म्हणून? बटणं उसवून तिनं चुलीमागे पुरली आणि भाऊंना म्हणाली, शिवण कच्ची निघाली. त्या दिवशी तिला भाकर गेली नाही. पहिल्यांदा वाटलं, फार उतला नसेल. मग वाटलं, त्यांच्या घरी कळलंच असेल, लेप लावला असेल. मनाची समजूत घालायला ती हुशार होती.

तिसऱ्या दिवशी पाचव्या गल्लीतून निरोप आला. योग दिसत नाही. मुलाची पाठ सुजून फोडांनी भरली आहे. बघून आला त्याच दिवसापासून. मावशी त्याला नागीण समजून गेरू फासते आहे आणि गल्लीभर सांगते आहे की त्या मुलीचा पायगुणच असा.

भाऊ त्या रिकाम्या कोचावर मान खाली घालून बसले. लेकीकडे बघवेना त्यांना. पायगुणाचा डाग लागलेली मुलगी पुन्हा कोण बघायला येणार? पण खरं सांगायचं तर कुंदाच्या डोळ्यांपुढे भाऊ नव्हते, पुढची स्थळंही नव्हती. होते ते आवळलेले हात. कंटाळा नव्हता तो... जळत होता माणूस. आणि अजून गेरूखाली जळतोय, कारण आपल्याला लाज वाटते.

तिनं फुईला सगळं सांगितलं. फुईनं कपाळावर हात मारला. "बिब्बा? माय वं... आते काय करशी?"

कुंदानं तीळ लोण्यात वाटले. बिब्ब्यावर तोच उतारा. भाऊ दुपारी लवंडल्यावर दोघी वाटी घेऊन पाचव्या गल्लीत गेल्या. नकार आलेल्या घरी मुलगी आपल्या पायानं जाते... गल्लीतल्या दारादारांत बायका थबकल्या. कुंदाला वाटलं, पायांखालची फरशी फाटेल तर बरं.

"तू आठे?" तू इथे कशी, अशा नजरेनं मंजुळाबाई पुढे आली.

कुंदा उंबऱ्याशीच उभी राहिली. बसली असती तर धीर गेला असता. कोचाची बटणं, बिब्बे, फुटलेलं तेल, तीन दिवस गप्प बसणं... सगळं तिनं सांगितलं. आवाज दोनदा फाटला. नागीण नाही, पायगुण नाही, माझी अक्कल कमी पडली, आता गेरू धुऊन हे लावा, म्हणाली.

"तसं काही नाही, मावशी," आतल्या खोलीतून आवाज आला. "घामोळं आहे. त्यांचा काही संबंध नाही."

"घामोळ्यानं कोट काळा होत नाही," कुंदा आतल्या दाराकडे बघत म्हणाली. "कुठे आहे तो?"

आत गादी सरकल्याचा आवाज झाला. फुईनं जाऊन गादीखालून कोट ओढून काढला. पांढऱ्या पाठीवर चार काळे ठसे. धोब्याची बिब्ब्याची खूण जन्मात जात नाही, तेच तेल हे.

मंजुळाबाई मटकन बसली. "तुले माहीत व्हतं? आनि मी तीन दिन गेरू फासी ऱ्हायनू? सांगाले काय व्हयनं तुले?"

"सांगितलं असतं तर... बटणं कुणी बसवली ते सगळ्यांना ठाऊक होतं ना," तो म्हणाला. "लेप मीच लावणार होतो. पाठीला हात पोचत नाही."

कुंदाचे डोळे भरून आले. लाज तर होतीच. पण तिला रागही आला, त्याचा, स्वतःचा. "कळलं होतं तर तेव्हाच उठला का नाहीत?"

या वेळी आवाज आला तो भिंतीकडे तोंड करून बोलल्यासारखा.

"उठलो असतो तर बघणं संपलं असतं."

फुई भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघू लागली. मंजुळाबाईनं वाटी उचलली, आत गेली, आणि थोड्या वेळात 'स्स' ऐकू आलं, मग एक लांब सुस्कारा. बाहेर आली तेव्हा तिची बोटं लोण्यानं माखली होती आणि तिलाही आता कुंदाकडे नीट बघवत नव्हतं. पायगुणाची गोष्ट तिनंच गल्लीभर केली होती. पदरानं तिनं एकेक बोट पुसलं.

"पोऱ्याना घर देखाले उनीच शे," ती शेवटी म्हणाली, "तं सांगीन जाय. पसंद शे का तुले?"

मुलगा पसंत आहे का, असं कुंदाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिलाच काय, चौथ्या गल्लीतल्या, पाचव्या गल्लीतल्या कुठल्याच मुलीला. बाहेर बायका अजून दारांत होत्या, फुई श्वास धरून बसली होती, आणि कुंदाचं तोंड गळ्यापासून कानापर्यंत पेटलं होतं. शाळेत शिकलेलं नेटकं मराठी कुठल्याकुठे गेलं.

"शे," ती पुटपुटली.

"काय म्हणाल्या?" आतून घाईघाईचा आवाज. "मावशी... काय म्हणाल्या त्या? मला ऐकू नाही आलं."

मंजुळाबाईनं नुसतं आतल्या दाराकडे बोट केलं.

कुंदानं मान वर केली आणि पुन्हा सांगितलं, अख्ख्या पाचव्या गल्लीला ऐकू जाईल असं.