मागच्या दालनातलं बाकडं

दर रविवारी सकाळी चहाचा कप बाजूला सारून ताई आठवड्याचा बेत आखायला बसायची. कुठलं संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं, कुठे घडीचं स्टूल आत नेऊ देतात, कुठे नुसती पेन्सिल चालते आणि शाई चालत नाही, दुपारी तीननंतर कोणत्या दालनात तिरपा उजेड येतो, हे सगळं तिच्या लांबट वहीत टिपलेलं असे. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायची. बावीस वर्षं जमिनीखालच्या नळांच्या रेषा ओढून हात असा तयार झाला होता, की पट्टी न लावताही रेघ सरळ यायची. सुट्टीच्या वेळात स्केचिंग करायचं, एवढाच तिचा शौक. घरात तो फक्त तिचा होता. धाकटी येईपर्यंत.

धाकटी म्हणजे तिच्या भावाची बायको. घरी बसून शिवणकाम करायची. एका रविवारी म्हणाली, "ताई, मी पण येऊ का? नुसती शेजारी बसेन." ताईनेच तिला स्वतःची जुनी पेन्सिल दिली. नंतर त्या पेन्सिलीची आठवण झाली की ताईला ती दिल्याचा पस्तावा व्हायचा.

कारण धाकटीचा हात काही वेगळाच निघाला. ताईच्या चित्रात सगळं मापात असे. धाकटीच्या चित्रातला माणूस आत्ता कूस बदलेल असं वाटे. संग्रहालयात लोक ताईच्या मागून निघून जात आणि धाकटीच्या मागे थबकत. भावाने बायकोचं एक चित्र फ्रेम करून जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर लावलं. बावीस वर्षांत ताईचं एकही चित्र भिंतीवर गेलं नव्हतं. ताई रोज त्या चित्राखाली बसून जेवायची आणि "छान आहे हो," म्हणायची.

मग तिने बेत बदलला. मोठ्या संग्रहालयात पुढच्या दालनात पुतळे होते, तिथे ती स्वतः बसणार. "तू मागच्या दालनात बस," ती धाकटीला म्हणाली. "तिथे गर्दी नसते, निवांत काढता येतं." मागच्या दालनात काचेच्या कपाटांतून जुनी कुलपं मांडली होती, आणि मधोमध एक लाकडी बाकडं. बघायला कुत्रंही फिरकत नसे.

संध्याकाळी बसस्टॉपवर ताईने विचारलं, "किती कुलपं झाली?"

"कुलपं नाही काढली. तिथे एक बाई येऊन बसतात. काय स्तब्ध बसतात, ताई."

पानावर एक म्हातारी पाठमोरी बसलेली होती. मानेवर केसांची सैल गाठ, खांद्यावरून ओघळलेली शाल. त्या पाठीत असा थकवा होता, की ताईला वाटलं, आपण जन्मभर बसलो तरी ही पाठ आपल्या हातून उतरणार नाही.

पुढच्या शनिवारी ती बाई एका अंगाने दिसली. त्याच्या पुढच्या शनिवारी गाल दिसला, कान दिसला, डोळ्याचा कोपरा दिसला.

"बोलता का गं तुम्ही?"

"नाही. दर खेपेला थोड्या वळून बसतात, बस. पुढच्या वेळी चेहरा मिळेल बहुतेक."

तो चेहरा ताईच्या डोक्यातून जाईना. कचेरीत तिच्या हातून एक नळ रस्ता सोडून कुणाच्या घराखालून गेला. रविवारी तिने वहीत शनिवारसमोर लिहिलं, 'दुरुस्तीसाठी बंद', आणि वही धाकटीला दिसेल अशी उघडी ठेवली. शनिवारी कचेरीत जादा काम आहे असं सांगून ती एकटीच संग्रहालयात गेली.

"मागच्या दालनात?" दारावरचा रखवालदार म्हणाला. "तिथे तुमच्याबरोबर येतात त्या बाई बसतात ना दर आठवड्याला? एकट्याच बसतात बिचाऱ्या."

"आणि दुसऱ्या? म्हाताऱ्या?"

"तिथे दुसरं कुणी येत नाही हो. कुलपं बघायला कोण येणार?"

दुसरं कुणी असतं तर तिथूनच मागे फिरलं असतं. ताईला भीती वाटलीच नाही. तिला राग आला. म्हणजे हेसुद्धा फक्त धाकटीसाठीच!

ती बाकड्यासमोर स्टूल मांडून बसली. ऊन कपाटांच्या काचांवरून सरकत गेलं. पुढच्या दालनातले आवाज हळूहळू विरले. ट्रंकेत वर्षानुवर्षं घडी पडून राहिलेल्या लोकरीचा वास कुठूनसा येत होता. तास झाला. पानावर रिकामं बाकडं, अगदी मापात.

"तिला वर्षसुद्धा झालं नाही पेन्सिल धरून..." ताई दबक्या आवाजात म्हणाली. आपण कुणाशी बोलतोय, हे तिला नीट ठाऊक होतं. "मी बावीस वर्षं काढतेय. तिला सोडा... माझ्यासाठी बसा. माझ्याकडे या."

बाकडं करकरलं. कुणी बसल्यावर करकरतं तसं नाही... कुणी उठल्यावर करकरतं तसं.

त्यानंतर काहीच झालं नाही.

पुढच्या खेपेला धाकटी कुलपं काढून आली. "आज त्या आल्याच नाहीत," म्हणाली. थोडा वेळ हिरमुसली आणि विसरली. ताईला त्या रात्री फार चांगली झोप लागली.

चार दिवसांनी तिने खिडकीतून कोपऱ्यावरचं पानगळीचं झाड काढलं. काढून झाल्यावर बघते, तर झाडाखाली शाल ओघळलेली एक पाठ. पाठीतला तो थकवा हुबेहूब उतरला होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. पण तिच्या मनात पहिल्यांदा आला तो आनंदच. भाऊ चित्राकडे बघतच राहिला. "ताई, हे तू काढलंस?" त्याने धाकटीचं चित्र उतरवून त्या जागी हे लावलं. धाकटीनेच खिळा धरला.

मग काहीही काढलं तरी ती येऊ लागली. पुतळ्याच्या पायाशी. बसच्या मागच्या सीटवर. दर खेपेला थोडी वळलेली. लोक आता ताईच्या मागे थबकत, पण ताई घाईने वही मिटून घेई. तिने चित्रं काढणं बंद केलं. महिन्याभराने कचेरीत साहेबांनी नकाशा पुढे सरकवला. "या व्हॉल्व्हपाशी हे काय काढलंय तुम्ही?" तांदळाच्या दाण्याएवढी आकृती होती. गाल दिसत होता.

रविवारी दुपारी धाकटी खिडकीपाशी सोफ्याच्या मधोमध बसून एका जुन्या कोटाची शिवण उसवत होती. ताईला वाटलं, एकदा फक्त हिलाच काढून बघू. दुसरीकडे बघायचंच नाही. हिचा चेहरा, हिचे हात, बस.

तिने भराभर काढलं आणि शेवटी भीत भीत पानाकडे पाहिलं.

सोफ्यावर दोघी होत्या. म्हातारी आता पुरती वळली होती, चेहरा पूर्ण दिसत होता. पण ती ताईकडे बघत नव्हती. ती शेजारी, धाकटीकडे बघत होती, आणि इतक्या मायेने, की ताईच्या काळजात जुनीच कळ उठली.

"धाकटे..." ती म्हणाली. "जरा इकडे ये... माझ्याजवळ..."

"आले हं ताई, एवढी शिवण होऊ दे," धाकटी म्हणाली, आणि कोटावरची नजर न काढता सोफ्यावर थोडी सरकून, चित्रात म्हातारी होती त्या बाजूला, जागा करून दिली.