बार्ज, बोये आणि बाबांचा कॅमेरा

"आली, आली! चढा लवकर!" साहिल ओरडला आणि तो, इरा नि सलिल असे तिघंही रेवदंड्याच्या किल्ल्याच्या पडक्या तटावर चढले.

खाली खाडीच्या तोंडातून माल वाहणारी बार्ज निघाली होती. साहिलच्या बाबांची, धर्माजींची, जाळी पुन्हा पुन्हा फाटत होती. बार्ज ठरलेली वाट सोडून जाळ्यांवरून जाते, असं ते गावच्या बैठकीत सांगून थकले. बार्जवाल्यांचा मॅनेजर म्हणाला, "पुरावा दाखवा." आणि इराचे काका, चांगले शिकलेसवरलेले, सगळ्यांदेखत हसून म्हणाले, "पिऊन जाळं खडकात टाकत असेल, दुसरं काय!" धर्माजी दारूला शिवतही नाहीत. पण विचारायची तसदी कोण घेतो!

काकांच्या मुलाने, सलिलने, नवाकोरा फोन रोखला. "तुझा डबा ठेव गं गळ्यातच, इरा! याला शंभरपट झूम आहे!"

साहिलने पडद्यात डोकावून पाहिलं. "ह्ये काय हाय? भिताडावरचा डाग?"

फोनने लांबचं चित्र ताणून ताणून पार सारवून टाकलं होतं. बार्जचं नाव म्हणजे नुसती मुंग्यांची रांग!

इराने तिचा छोटा कॅमेरा सुरू केला. तो बाबांचा होता. बाबा मागच्या पावसाळ्यात गेले, तेव्हापासून तो तिच्या गळ्यात. भिंग घरघरत बाहेर आलं, बार्ज जवळ जवळ सरकली, नाव लख्ख दिसलं. आणि नांगराच्या साखळीत अडकलेले, जाळं तरंगतं ठेवणारे बोये! नारिंगी, त्यावर दोन पांढरे पट्टे. इथे प्रत्येक घराचे बोये वेगळे रंगवतात.

"आमचंच हायेत ते! दाब, इरा, दाब!"

तिने दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : कार्ड भरलं आहे.

"काहीतरी पूस ना! वळतेय ती!" सलिल किंचाळला.

कार्डात होतं ते सगळं बाबांनीच टिपलेलं. पुसायला गेल्यावर आधी समोर आला शेवटचा व्हिडिओ. चित्रात धड काही नाही, वाळू आणि इराच्या चपला. पण आवाज बाबांचा : "इरा, हस की गं जरा!" तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

साहिलने तिच्याकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे, इरा."

बार्जचं तोंड वळत होतं, दुसरं काही शोधायला वेळ नव्हता. इराने ओठ घट्ट मिटले आणि पुसलं.

क्लिक! क्लिक! क्लिक!

बैठकीत फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला, तेव्हा मॅनेजरने जवळ जाऊन बोयांवरचे पट्टे निरखून पाहिले. बार्ज यापुढे वाटेनेच जाईल, असं त्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं. काकांनी धर्माजींची माफी मागितली, तीही पुटपुटत! धर्माजींनी इराच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, माजा शब्द खरा केलास." टाळ्यांचा नुसता कडकडाट!

फोटोसाठी इराला बाबांचा व्हिडिओ पुसावा लागला, हे सलिलने सांगून टाकलं, तसे काका पुढे आले. "शाब्बास, इरा! फोनला भारी पडलं की तुझं यंत्र! पण वेडे, कार्ड भरलंय हे मला सांगायचंस. लॅपटॉपवर उतरवून दिलं असतं. कितीसं काम ते?"

इराने कॅमेरा बंद केला. भिंग घरघरत आत गेलं.

"सांगितलं होतं, काका," ती म्हणाली. "दर रविवारी."